मेघांतील गॅमा-चमक : उपग्रहांच्या नोंदवहीतील एक धडा

वैशाख सरत आला की दुपारनंतर आभाळ भरून येते, वारा सुटतो आणि वळवाच्या पहिल्या सरीबरोबर विजेचा लोळ डोळे दिपवून जातो. डोळ्यांना एकच भासणारी ही वीज प्रत्यक्षात अनेक घटनांची मालिका असते आणि ती सारी मालिका बहुधा एका सेकंदाच्या आत आटोपते. या सेकंदाच्या पोटात कधी कधी आणखी एक घटना घडून जाते. ती सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकते. ती डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही. तथापि त्या अल्प क्षणात ढगातून अवकाशाकडे जे किरण झेपावतात, ते किरणोत्सर्गी द्रव्यांतून किंवा ताऱ्यांच्या प्रचंड स्फोटांतून निघणाऱ्या किरणांच्या जातीचे, म्हणजे गॅमा किरण असतात.

शास्त्रज्ञ या घटनेला पार्थिव गॅमा-किरण चमक असे म्हणतात. या लेखात तिचा उल्लेख केवळ ‘गॅमा-चमक’ असा केला आहे. मानव हजारो वर्षे विजेकडे पाहत आला. परंतु विजेच्या सोबतीने असे काही घडते, याचा प्रत्यक्ष पुरावा १९९४ पर्यंत कोणाच्याही हाती आला नव्हता. तो आला तोही अन्य कामासाठी पाठविलेल्या एका उपग्रहाच्या नोंदींतून. या शोधाचा आणि त्यानंतरच्या संशोधनाचा इतिहास हवामानशास्त्राच्या दृष्टीने उद्‌बोधक आहेच. शिवाय नोंद कशी ठेवावी, अनपेक्षित नोंदीचे काय करावे आणि मोजणाऱ्या साधनाच्या मर्यादा कशा ओळखाव्यात, याचाही तो एक वस्तुपाठ आहे.

दुसऱ्याच कामासाठी पाठविलेले यंत्र

१९६३ च्या सुमारास अण्वस्त्रचाचणी-बंदीच्या कराराचे उल्लंघन होते किंवा कसे यावर लक्ष ठेवण्यासाठी अमेरिकेने ‘वेला’ नावाचे उपग्रह सोडण्यास प्रारंभ केला. अणुस्फोटातून गॅमा किरण बाहेर पडतात, म्हणून ते टिपणारी उपकरणे या उपग्रहांवर होती. १९६७ मध्ये त्यांनी गॅमा किरणांचा एक उद्रेक टिपला; पण तो अणुस्फोटाचा नव्हता. पुढे तसे आणखी उद्रेक आढळले आणि ते पृथ्वीवरून नव्हे, तर दूरच्या अवकाशातून येतात असे १९७३ मध्ये जाहीर करण्यात आले. या वैश्विक उद्रेकांचा छडा लावणे हे खगोलशास्त्रज्ञांपुढील एक मोठे आव्हान ठरले.

त्यासाठी ५ एप्रिल १९९१ रोजी ‘अटलांटिस’ या अवकाशयानातून ‘कॉम्प्टन’ ही सुमारे १७ टन वजनाची वेधशाळा पृथ्वीभोवतीच्या कक्षेत नेण्यात आली. तिच्या आठ कोपऱ्यांवर ‘बॅट्सी’ या उपकरणाचे आठ संवेदक बसविले होते. प्रत्येकाचे तोंड वेगळ्या दिशेला होते. गॅमा किरण आले म्हणजे कोणत्या संवेदकावर अधिक आणि कोणत्यावर कमी आघात झाले, याची तुलना करून त्यांची दिशा ठरविता येत असे. हे सारे संवेदक दूरच्या ताऱ्यांच्या दुनियेतील उद्रेक टिपण्यासाठी होते.

काही नोंदी मात्र या अपेक्षेत बसेनात. त्या केवळ काही मिलिसेकंद टिकणाऱ्या होत्या. (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) वैश्विक उद्रेकांच्या मानाने त्यांतील किरणांची ऊर्जा अधिक होती. विशेष म्हणजे ते किरण वरून नव्हे, तर खालून, पृथ्वीच्या बाजूने येत होते. उपकरणातील बिघाड म्हणून अशा नोंदी बाजूला सारणे सोपे होते. अलाबामा राज्यातील हंट्सव्हिल येथील मार्शल अवकाश उड्डाण केंद्रात काम करणाऱ्या जेराल्ड फिशमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसे केले नाही. प्रत्येक नोंदीच्या वेळी उपग्रह कोठे होता आणि त्याखालचे हवामान कसे होते, हे त्यांनी तपासले. त्या त्या वेळी उपग्रहाच्या टापूत गडगडाटी मेघ असल्याचे आढळले. मे १९९४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पृथ्वीचे वातावरण स्वतःच गॅमा किरण निर्माण करते, ही गोष्ट तेव्हापासून शास्त्रात रूढ झाली. दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, अंटार्क्टिकावरील एका केंद्रात नोंदलेल्या विजेच्या रेडिओलहरी आणि गॅमा-चमक यांची वेळ जुळते असेही दाखविण्यात आले.

ढगात घडते तरी काय?

गॅमा किरण निर्माण होण्यास फार मोठी ऊर्जा लागते. ती मोजण्याचे एकक इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे आहे. एका व्होल्टच्या विद्युत्‌दाबातून गेल्याने एका इलेक्ट्रॉनला जी ऊर्जा प्राप्त होते, ती एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणाची, म्हणजे फोटॉनची, ऊर्जा दोन ते तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. रुग्णालयात छातीचे चित्र घेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्ष-किरणांची ऊर्जा काही दशसहस्र इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरात असते. गॅमा-चमकेतील फोटॉनांची ऊर्जा दोन कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत, आणि काही वेळा त्याहूनही वर जाते. पाण्याच्या थेंबांनी आणि हिमकणांनी भरलेल्या ढगात एवढी ऊर्जा येते कोठून?

याचे उत्तर सूत्ररूपाने फार पूर्वीच सुचविले गेले होते. स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी १९२५ च्या सुमारास असे प्रतिपादन केले की, गडगडाटी ढगांतील प्रबळ विद्युत्‌क्षेत्रात काही इलेक्ट्रॉन ‘बेलगाम’ होऊ शकतात. हवेतून जाणारा इलेक्ट्रॉन वाटेतील रेणूंवर आदळत जातो आणि प्रत्येक धडकेत थोडी ऊर्जा गमावतो. सामान्य इलेक्ट्रॉन अशा रीतीने लवकरच थकतो. परंतु प्रारंभीच वेगवान असलेल्या इलेक्ट्रॉनच्या बाबतीत हवेचा अडथळा तुलनेने कमी होतो. विद्युत्‌क्षेत्राकडून मिळणारी ऊर्जा ही धडकांत जाणाऱ्या ऊर्जेहून अधिक झाली, की तो थांबण्याऐवजी अधिकाधिक वेग घेतो. उतारावर सुटलेल्या गाडीला खडबडीत रस्ता रोखू शकत नाही, तशी ही स्थिती होय.

असे प्रारंभीचे वेगवान इलेक्ट्रॉन पुरविण्याचे काम विश्वकिरण करतात. अवकाशातून येणारे हे किरण वातावरणावर अहोरात्र आदळत असतात आणि त्यांतून वेगवान इलेक्ट्रॉन सुटत असतात. रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर गुरेविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये या विचाराला पुढचे रूप दिले. एक बेलगाम इलेक्ट्रॉन रेणूवर आदळून दुसरा वेगवान इलेक्ट्रॉन मोकळा करतो, त्या दोहोंतून चार, चारांतून आठ अशी त्यांची संख्या वाढत जाते. डोंगरावरून घरंगळणाऱ्या एका दगडाने दरड कोसळावी, तसा हा इलेक्ट्रॉनांचा लोंढा तयार होतो. प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास धावणारे हे इलेक्ट्रॉन हवेतील अणुकेंद्रकांजवळून जाताना वळतात, मंदावतात आणि गमावलेली ऊर्जा गॅमा किरणांच्या रूपाने बाहेर टाकतात.

गडगडाटी ढगाच्या माथ्याकडे सामान्यतः धनभार आणि मध्यभागी ऋणभार साचलेला असतो. ऋणभारित इलेक्ट्रॉन यामुळे वरच्या दिशेने खेचले जातात आणि त्यांच्यापासून निघणारे गॅमा किरणही मुख्यतः वरच जातात. उपग्रहांना ते दिसतात आणि जमिनीवर सहसा पोहोचत नाहीत, त्याचे कारण हेच.

उंचीचा वाद आणि त्याचा निवाडा

गॅमा-चमक ढगात नेमक्या कोणत्या उंचीवर निर्माण होते, याविषयी आरंभी मतभेद होते. १९८९ च्या जुलैमध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी, मंद प्रकाशात चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याची चाचणी घेत असता, मेघांच्या कितीतरी वर उमटणाऱ्या प्रकाशाच्या आकृती टिपल्या होत्या. त्यांना पुढे ‘स्प्राइट’ हे नाव मिळाले. तांबूस रंगाच्या या आकृती सामान्यतः ५० ते ९० किलोमीटर उंचीवर दिसतात. गॅमा-चमकांचा उगमही अशाच उंच, विरळ हवेत असावा असा तर्क साहजिकच पुढे आला. दाट हवेतून गॅमा किरण बाहेर पडणे कठीण, हे कारणही त्याला पोषक होते.

५ फेब्रुवारी २००२ रोजी सोडलेल्या ‘रेसी’ या उपग्रहाने या तर्काला धक्का दिला. तोही सूर्यावरील उद्रेकांच्या अभ्यासासाठी होता. मात्र त्याचे वैशिष्ट्य असे की, त्याच्या जर्मेनियमच्या संवेदकांवर येणाऱ्या प्रत्येक फोटॉनची ऊर्जा आणि वेळ स्वतंत्रपणे नोंदली जात असे. ‘बॅट्सी’ने नऊ वर्षांत ८० हूनही कमी गॅमा-चमका टिपल्या होत्या, ‘रेसी’ने महिन्याला १० ते २० टिपल्या. त्यांतील ऊर्जेची वाटणी कशी आहे, हे बारकाईने पाहता आले. किरण जितक्या जाड हवेतून बाहेर येतात, तितका त्यांच्या ऊर्जेच्या वाटणीवर त्या हवेचा ठसा उमटतो. २००५ मध्ये या ठशावरून उगमाची उंची सुमारे १५ ते २१ किलोमीटर ठरविण्यात आली. म्हणजे गॅमा-चमक स्प्राइटांच्या प्रदेशातील नसून उष्ण कटिबंधातील गडगडाटी मेघांच्या माथ्याजवळील आहे, असे निष्पन्न झाले. पुढील अभ्यासांनी हा उगम त्याहूनही काहीसा खाली, ढगाच्या अंतर्भागात असू शकतो असे दाखविले.

उष्ण कटिबंधाचा येथे विशेष संबंध आहे. या पट्ट्यातील मेघ ध्रुवांकडील मेघांपेक्षा अधिक उंच वाढतात. पंधरा किलोमीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक-अष्टमांश उरतो. त्यामुळे तेथून निघालेल्या गॅमा किरणांना अवकाशात जाण्याची वाट तुलनेने मोकळी मिळते. मध्य अमेरिका व कॅरिबियन सागर, मध्य आफ्रिका आणि आग्नेय आशियातील बेटे या तीन प्रदेशांत उपग्रहांना गॅमा-चमका अधिक आढळतात. हेच प्रदेश पृथ्वीवरील विजांचेही मोठे आगर आहेत.

मोजणाऱ्या यंत्राचीही मोजणी

गॅमा-चमकेच्या अभ्यासातील सर्वांत मोठी अडचण तिच्या अल्पकाळाची आहे. ‘बॅट्सी’ला नोंद घेण्याचा आदेश केव्हा मिळावा, याचा नियम असा होता की, किमान ६४ मिलिसेकंदांच्या कालखंडात किरणांची संख्या नेहमीपेक्षा ठळकपणे वाढली पाहिजे. वैश्विक उद्रेकांसाठी हा नियम योग्य होता. एक मिलिसेकंदाची चमक मात्र या ६४ मिलिसेकंदांच्या सरासरीत बुडून जाई. केवळ अतिशय प्रखर चमकाच नोंदल्या जात आणि इतर अनेक निसटत. म्हणून ‘बॅट्सी’च्या अल्प नोंदींवरून ही घटना दुर्मीळ आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरले असते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती. जत्रेच्या दिवशी प्रवेशद्वारावर एकच कारकून येणाऱ्यांची नावे लिहून घेत आहे, अशी कल्पना करावी. एकाचे नाव लिहीत असता दहा माणसे आत निघून गेली, तर वहीत एकच नाव राहील. संवेदकाचेही तसेच असते. एका फोटॉनची नोंद करीत असताना तो पुढच्या फोटॉनबाबत क्षणभर आंधळा असतो. नेहमीच्या मोजणीत हा क्षण नगण्य असतो. गॅमा-चमकेत मात्र फोटॉनांची एकदम झुंबड उडते. परिणामी चमकेचा अत्युच्च भाग वहीत दबून जातो आणि ती आहे त्यापेक्षा मंद व लांबलेली दिसते. ‘बॅट्सी’च्या जुन्या नोंदींची २००८ मध्ये या दृष्टीने फेरतपासणी झाली, तेव्हा हा परिणाम मोठा असल्याचे दिसून आले. जुने निष्कर्ष सुधारून घ्यावे लागले.

इटलीच्या ‘अजिले’ उपग्रहाचे उदाहरण याहूनही बोलके आहे. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या पी. एस. एल. व्ही. अग्निबाणाने २३ एप्रिल २००७ रोजी श्रीहरिकोटा येथून हा ३५२ किलोग्रॅम वजनाचा उपग्रह कक्षेत सोडला. त्याची कक्षा विषुववृत्ताशी केवळ अडीच अंशांनी कललेली असल्याने तो सतत विषुववृत्तीय मेघांवरूनच फिरत असे. गॅमा-चमकांसाठी ही जागा उत्तम होती. त्यावर एक संरक्षक कवच होते. अवकाशातील विद्युत्‌भारित कणांचा आघात झाला की त्या क्षणाची नोंद रद्द करण्याचे काम हे कवच करी. प्रखर गॅमा-चमकेच्या वेळी मात्र या कवचावरही किरणांचा मारा होई आणि नेमकी हवी ती नोंद रद्द होई. मार्च २०१५ मध्ये गॅमा-चमकांच्या मोजणीपुरते हे कवच निष्क्रिय करण्यात आले. त्याबरोबर सापडणाऱ्या चमकांची संख्या सुमारे दहापट झाली. मेघ तेच होते, उपग्रह तोच होता; बदलला तो केवळ नोंद गाळण्याचा नियम. फेब्रुवारी २०२४ मध्ये वातावरणात शिरून नष्ट होईपर्यंत या उपग्रहाने जवळजवळ १७ वर्षे आपली सेवा दिली.

प्रतिकणांचा प्रवास

११ जून २००८ रोजी सोडलेल्या ‘फर्मी’ या वेधशाळेवर गॅमा-चमका टिपण्यास योग्य असे चौदा संवेदक आहेत आणि प्रत्येक फोटॉनच्या आगमनाची वेळ ते दोन मायक्रोसेकंदांच्या अचूकतेने नोंदतात. (एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.) आरंभी केवळ ठरावीक मर्यादेपलीकडील घटनाच जतन होत, पुढे प्रत्येक फोटॉनची नोंद जमिनीवर पाठविण्याची व्यवस्था झाली. नंतर जमिनीवरील संगणकांनी या साठ्यात शोध घेतला, तेव्हा वर्षाला सुमारे ८०० गॅमा-चमका हाती येऊ लागल्या. जुलै २००८ ते जुलै २०१६ या आठ वर्षांच्या सूचीत ४,१४४ चमकांची नोंद आहे.

१४ डिसेंबर २००९ रोजीची घटना या सूचीत उल्लेखनीय ठरली. त्या वेळी ‘फर्मी’ इजिप्तवर होती. तिच्या खाली वादळ नव्हते. वादळ होते ते सुमारे ४,५०० किलोमीटर दक्षिणेकडे झांबियात. तेथील गॅमा किरण सरळ रेषेत तिच्यापर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते, कारण मध्ये पृथ्वीची वक्रता होती. मग पोहोचले ते काय? गॅमा किरणांपासून हवेत इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या जोड्या निर्माण होतात. पॉझिट्रॉन हा इलेक्ट्रॉनचा प्रतिकण होय. वस्तुमान तेवढेच, विद्युत्‌भार मात्र उलट. झांबियावरून निघालेले हे कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्ररेषेला धरून उत्तरेकडे आले व ‘फर्मी’वर आदळले. काही कण पुढे जाऊन चुंबकीय क्षेत्राच्या प्रभावाने परतले आणि २३ मिलिसेकंदांनी पुन्हा एकदा आदळले. पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या परस्पर विनाशातून निघणाऱ्या ५ लाख ११ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या किरणांची खूण या नोंदीत सापडली. गडगडाटी वादळे प्रतिकण अवकाशात पाठवितात, ही गोष्ट जानेवारी २०११ मध्ये जाहीर झाली.

जमिनीवरील साहाय्यही या कामी महत्त्वाचे ठरले. जगभरातील केंद्रांचे एक जाळे विजेच्या रेडिओलहरी टिपून ती कोठे व केव्हा चमकली हे ठरविते. त्या नोंदी आणि उपग्रहांच्या नोंदी यांची सांगड घातल्यावर कोणत्या विजेतून कोणती चमक निघाली, हे सांगता येऊ लागले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार पृथ्वीवर वर्षाला सुमारे चार लाख गॅमा-चमका होतात. जगात सरासरीने दर सेकंदाला ४४ च्या आसपास विजा चमकतात, हे लक्षात घेता उपग्रहांना दिसू शकणारी चमक हजारो विजांतून एखादीच ठरते.

अवकाशस्थानकावरील पहारा

वरील सर्व उपग्रह अन्य हेतूंनी बनविलेले होते. वादळांकडेच पाहण्यासाठी तयार केलेले ‘आसिम’ हे युरोपीय उपकरण २ एप्रिल २०१८ रोजी रवाना झाले आणि आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाच्या बाह्य भागावर बसविण्यात आले. डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठाच्या नेतृत्वाखाली झालेल्या या प्रकल्पात गॅमा किरणांचा भाग नॉर्वेतील बर्गेन विद्यापीठाने सिद्ध केला. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून क्ष-किरण व गॅमा किरण, आणि त्याच वेळी विजेचा दृश्य व अतिनील प्रकाश, हे दोन्ही एकत्र टिपणे हे ‘आसिम’चे वैशिष्ट्य.

१० ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटाजवळील एका विजेची नोंद या दृष्टीने महत्त्वाची ठरली. विजेची वाट ढगातून पुढे सरकत असता, तिच्यातील मोठा प्रवाह सुरू होण्याच्या सुमारास गॅमा-चमक निघाली आणि विजेचा प्रखर प्रकाश त्यानंतर उजळला. त्या प्रवाहाच्या विद्युत्‌चुंबकीय लहरीने वर आयनांबराच्या तळाशी प्रकाशाचे पसरते कडेही उमटविले. गॅमा-चमक ही विजेनंतरची घटना नसून विजेच्या जडणघडणीचाच एक प्रारंभीचा भाग आहे, या मताला यामुळे बळकटी मिळाली.

यशाबरोबर अपयशाचीही नोंद करणे आवश्यक आहे. याच विषयाला वाहिलेला ‘तारानिस’ हा फ्रान्सचा उपग्रह नोव्हेंबर २०२० मध्ये सोडण्यात आला. परंतु अग्निबाणाच्या शेवटच्या टप्प्यात तारांची जोडणी उलटी झाल्याने तो कक्षेत पोहोचण्यापूर्वीच नष्ट झाला. अनेक वर्षांची मेहनत एका जोडणीच्या चुकीने गेली.

उपग्रह शेकडो किलोमीटर दूर असतो. म्हणून मंद चमका त्याला दिसत नाहीत. हे अंतर कमी करण्यासाठी जुलै २०२३ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा येथून एका संशोधन-विमानाने सुमारे २० किलोमीटर उंचीवरून उष्ण कटिबंधीय मेघांवर दहा उड्डाणे केली. त्यांत १३० हून अधिक गॅमा-चमका नोंदल्या गेल्या आणि त्यांपैकी बहुसंख्य चमका उपग्रहाला दिसल्याच नसत्या इतक्या मंद होत्या. शिवाय मोठ्या मेघांतून कितीतरी वेळ गॅमा किरणांचा मंद उजेड उकळत्या पाण्याप्रमाणे खदखदत असतो, असेही आढळले. ऑक्टोबर २०२४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीस वर्षांपूर्वी दुर्मीळ मानली गेलेली घटना गडगडाटी मेघांची नित्याची प्रकृती असावी, असा विचार त्यामुळे दृढ झाला.

उदकमंडलम येथील मोजणी

मेघांत एवढी ऊर्जा देण्याइतका विद्युत्‌दाब खरोखर असतो काय, या प्रश्नाचे एक उत्तर भारतातून मिळाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तमिळनाडूतील उदकमंडलम येथे विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी ‘ग्रेप्स-३’ हा प्रयोग उभारला आहे. विश्वकिरणांपासून निर्माण होणारे म्यूऑन नावाचे कण तेथे अहोरात्र मोजले जातात. आकाशात भारित मेघ आला की त्याच्या विद्युत्‌क्षेत्रामुळे या कणांच्या संख्येत किंचित घट होते. एप्रिल २०११ ते डिसेंबर २०१४ या काळातील १८४ गडगडाटी वादळांच्या नोंदी तपासण्यात आल्या. १ डिसेंबर २०१४ च्या वादळात ही घट सुमारे १८ मिनिटे टिकली होती. तीवरून त्या मेघातील विद्युत्‌दाब सुमारे १३० कोटी व्होल्ट असल्याचे गणित २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. मेघांत शंभर कोटी व्होल्टचा दाब असू शकेल, हे विल्सन यांचे अनुमान नव्वद वर्षांनी अशा रीतीने प्रत्यक्ष मोजणीने पुष्ट झाले.

गावाच्या दृष्टीने

या संशोधनाचा ग्रामीण जनतेशी संबंध काय, असा प्रश्न साहजिकपणे उपस्थित होईल. त्याचे उत्तर स्पष्टपणे देणे इष्ट आहे. गॅमा-चमकांपासून शेतात काम करणाऱ्या माणसाला धोका असल्याचे आढळलेले नाही. ढगाच्या माथ्यातून वर जाणारे हे किरण जमिनीपर्यंत येत नाहीत. आणि खाली आलेच तर दाट हवा त्यांना शोषून घेते. जपानच्या किनाऱ्यावरील हिवाळी वादळांत ढग जमिनीच्या फार जवळ असल्याने तेथे जमिनीवर अशा किरणांची नोंद झाली आहे. ती परिस्थिती वेगळी होय. ‘विजेतून किरणोत्सर्ग होतो’ असे सांगून कोणी भय पसरवू लागल्यास त्याला हे उत्तर देता येईल.

खरा धोका आहे तो डोळ्यांना दिसणाऱ्या विजेचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात भारतात वीज पडून २,८८७ माणसे मृत्युमुखी पडली. नैसर्गिक आपत्तींतील त्या वर्षीच्या मृत्यूंपैकी हे प्रमाण एक-तृतीयांशाहून अधिक आहे. गॅमा-चमक टिपणारे उपग्रह या विजेची पूर्वसूचना देत नाहीत आणि तशी अपेक्षा त्यांच्याकडून करणेही योग्य नाही. मात्र गॅमा-चमकेचा उगम शोधताना जी पद्धत उपयोगी पडली, म्हणजे विजेच्या रेडिओलहरी अनेक केंद्रांवर कोणत्या क्षणी पोहोचल्या यावरून तिचे स्थान निश्चित करणे, तीच पद्धत लोकांच्या रक्षणासाठी वापरली जाते. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने या तत्त्वावर देशभर विजेची नोंद करणारे केंद्रांचे जाळे उभारले असून ‘दामिनी’ या मोबाइल ॲपद्वारे २० ते ४० किलोमीटरच्या परिसरातील विजांची सूचना नागरिकांना मिळते.

शाळेतील विद्यार्थ्यांना या विषयाची गोडी लावण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. प्रकाश जवळजवळ तत्क्षणी पोहोचतो, तर आवाजाला एक किलोमीटर अंतर कापण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजले आणि त्यांस तीनने भागले, तर विजेचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. ही मोजणी अर्थातच पक्क्या इमारतीत राहूनच करावी. हे अंतर तीस सेकंदांहून कमी असेल, तर उघड्यावरील सर्वांनी तात्काळ पक्क्या इमारतीचा आसरा घ्यावा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे बाहेर पडू नये. एकाकी झाडाखाली उभे राहणे हा आसरा नव्हे. ग्रामपंचायतीने ‘दामिनी’ची सूचना ध्वनिक्षेपकावरून शिवारापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी एखाद्या व्यक्तीवर सोपविली, तर वळवाच्या दिवसांत तिचा प्रत्यक्ष उपयोग होईल.

नोंदीचे मोल

गॅमा-चमकांच्या या तीस वर्षांच्या इतिहासात एक सूत्र सतत आढळते. ‘वेला’ने अणुस्फोट शोधताना ताऱ्यांचे उद्रेक टिपले, ‘बॅट्सी’ने ताऱ्यांचे उद्रेक शोधताना ढगांतील चमक टिपली, ‘रेसी’ने सूर्याकडे पाहता पाहता तिची उंची सांगितली. प्रत्येक वेळी अपेक्षेत न बसणारी नोंद कोणीतरी जपून ठेवली, तिच्यापुढे अचूक वेळ लिहिली आणि ती दुसऱ्या नोंदींशी ताडून पाहिली. जेथे नियमाने नोंद गाळली गेली, तेथे निसर्गाचा मोठा भाग दृष्टीआड राहिला. आणि तो नियम बदलताच तो दिसू लागला.

पर्जन्यमापकाची वही असो, शाळेचा हजेरीपट असो वा गावातील आपत्तींची नोंद असो, न्याय तोच आहे. वीज पडून दगावलेल्या माणसाची वा जनावराची नोंद दिनांक, वेळ व स्थळ यांसह झाली, तरच पुढे कोणत्या शिवारात, कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी धोका अधिक असतो, हे कळू शकेल. मिलिसेकंदाच्या चमकेने शास्त्रज्ञांना जे शिकविले, ते गावाच्या दप्तरालाही तितकेच लागू आहे.